स्वतंत्र कलाकारांचे ऑनलाइन विपणन

स्वतंत्र कलाकारांचे ऑनलाइन विपणन म्हणजे कलादालन, दलाल किंवा व्यापारी संस्था यांच्या मध्यस्थीवाचून चित्रकार, शिल्पकार वा कारागिराने आंतरजालाच्या साहाय्याने आपल्या कलाकृतींची ओळख करून देणे व त्या विकणे होय. या पद्धतीत जाहिरातीचा खर्च नाममात्र असतो. कलाकाराचा वेळ, कामातील सातत्य आणि ग्राहकाचा विश्वास हेच तिचे भांडवल असते.

पार्श्वभूमी

कलाकृती अल्प मोलात दूरवर पोहोचवण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात जुना आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळामुद्रणालय सुरू केले आणि त्यांच्या चित्रांच्या छापील प्रती सामान्य घरांच्या भिंतींपर्यंत गेल्या. विसाव्या शतकात मूळ चित्रांच्या विक्रीसाठी प्रदर्शन हा मुख्य मार्ग राहिला. १९५२ मध्ये सुरू झालेले मुंबईतील जहांगीर कलादालन हे त्याचे ठळक उदाहरण आहे.

विदर्भातील कलाकाराला मुंबईत प्रदर्शन भरवायचे झाल्यास सुमारे ८०० किलोमीटरचा प्रवास, चित्रांची वाहतूक, निवास व दालनाचे भाडे हा खर्च विक्रीची खात्री नसताना करावा लागतो. नागपूर येथील दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या मेळ्यांत कारागिरांना ग्राहक मिळतात. परंतु मेळा काही दिवसांतच संपतो. इन्स्टाग्राम (२०१०), यूपीआय (२०१६) आणि व्हॉट्सॲप बिझनेस (२०१८) या साधनांमुळे कलाकृती दाखवणे, मूल्य स्वीकारणे व ग्राहकाशी बोलणे ही तिन्ही कामे एकाच भ्रमणध्वनीवरून वर्षभर करता येऊ लागली.

कार्यपद्धती

ग्राहक कलाकृती प्रत्यक्ष पाहत नसल्याने छायाचित्राला विशेष महत्त्व असते. खिडकीतून येणारा मंद दिवसप्रकाश, चित्राला समांतर धरलेला कॅमेरा आणि बंद ठेवलेला फ्लॅश एवढ्याने रंग बव्हंशी खरे उमटतात. चित्राचा आकार, माध्यम, निर्मितीवर्ष व किंमत यांची नोंद मराठीसह हिंदी वा इंग्रजीत दिल्यास ते शोधयंत्रांना सापडणे सुलभ होते. पूर्ण झालेल्या चित्राबरोबर ते घडतानाचे टप्पे दाखवण्याची रीतही रूढ आहे. व्हॉट्सॲप बिझनेसमधील कॅटलॉग हे विनामूल्य दुकानासारखे वापरता येते.

किंमत व व्यवहार

किमतीत साहित्य, श्रमाचे तास, वेष्टन व पाठवणी यांचा समावेश होतो. उदाहरणार्थ, साहित्य ४०० रुपये, तासाला १५० रुपये दराने १० तासांचे १,५०० रुपये आणि वेष्टन-पाठवणीचे ३०० रुपये धरल्यास एकूण खर्च २,२०० रुपये होतो. विक्रीमंच २० टक्के दलाली घेत असेल, तर किंमत २,७५० रुपये ठेवावी लागते. २,२०० रुपयांवर २० टक्के चढवून २,६४० रुपये लावल्यास हाती २,११२ रुपयेच येतात.

यूपीआयद्वारे पैसे स्वीकारताना पिन द्यावा लागत नाही. पैसे पाठवण्याचे निमित्त करून विक्रेत्याकडे पिन मागणे किंवा त्याला क्यूआर संकेत स्कॅन करायला लावणे हा फसवणुकीचा नेहमीचा प्रकार आहे. अशा गुन्ह्याची तक्रार १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर करता येते.

पाठवणी

कॅनव्हासवरील चित्र रंगाची बाजू बाहेर ठेवून, त्यावर पातळ कागद घालून, रुंद नळीत गुंडाळून पाठवतात. चौकटीतील काच वाटेत फुटण्याचा संभव असल्याने तिच्या जागी ॲक्रिलिकचा पत्रा वापरतात. नागपूरलगत अमरावती मार्गावरील वाडी येथे मालवाहतूकदारांची अनेक गोदामे आहेत; मोठ्या शिल्पांसाठी अशी वाहतूक, तर लहान कामांसाठी स्पीड पोस्ट उपयोगी पडते.

कलाकाराचे हक्क

भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार कलाकृतीचे संरक्षण कलाकाराच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकते. त्यासाठी नोंदणी अनिवार्य नाही. चित्र विकले म्हणजे त्याचा प्रताधिकार आपोआप विकला जात नाही. तो लेखी करारानेच हस्तांतरित होतो. तथापि, एखाद्याने मोबदला देऊन व्यक्तिचित्र करून घेतल्यास, वेगळा करार नसेल तर प्रताधिकाराचा पहिला मालक ग्राहक ठरतो. अशा चित्राच्या प्रती काढून विकण्याचा कलाकाराचा विचार असेल, तर मागणी स्वीकारतानाच तसे लेखी ठरवणे आवश्यक असते. सामूहिक परंपरेच्या बाबतीत भौगोलिक मानांकन उपयुक्त ठरते. वारली चित्रकलेला ते मिळालेले आहे.

मर्यादा

समाजमाध्यमावरील अनुयायी ही कलाकाराच्या मालकीची गोष्ट नसते. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा केवळ त्या मंचावर विसंबलेल्यांचा प्रेक्षकवर्ग एकाएकी दुरावला. मंचाचे नियम बदलल्यानेही कामाचा प्रसार घटू शकतो. म्हणून ग्राहकांच्या संमतीने त्यांचे दूरध्वनी क्रमांक व ईमेल पत्ते यांची सूची स्वतःकडे ठेवणे हा या पद्धतीतील सर्वांत टिकाऊ उपाय मानला जातो. केव्हिन केली यांनी २००८ मधील निबंधात १,००० निष्ठावान चाहत्यांच्या बळावर कलाकाराला उपजीविका करता येईल, असे मांडले होते. ही संख्या सरसकट लागू पडत नाही. तथापि अगणित प्रेक्षकांपेक्षा पुन्हा खरेदी करणारे मोजके ग्राहक अधिक मोलाचे असतात, हे तिचे मर्म स्वतंत्र कलाकारांच्या व्यवहाराला लागू पडते.