जेएमएफ म्हणजे काय? जुन्या कॉम्प्युटरवर जावातून ऑडिओ-व्हिडिओ कसा चालवायचा

एखाद्या जुन्या डेस्कटॉपवर जावामधलं सॉफ्टवेअर अजून वापरात आहे आणि त्यातला व्हिडिओ अचानक दिसेनासा झाला, तर शोध बहुतेक वेळा जेएमएफपाशी येऊन थांबतो. जेएमएफ म्हणजे जावा मीडिया फ्रेमवर्क.

थोडा इतिहास

सुरुवातीच्या जावामध्ये आवाजाची सोय अगदी तुटपुंजी होती. ॲपलेटमधून फक्त एयू फाइल वाजायची, तीही ८ किलोहर्ट्झ मोनो. १९९७ मध्ये सन, इंटेल आणि सिलिकॉन ग्राफिक्स यांनी जेएमएफ १.० आणलं. त्यात फक्त प्लेबॅक होता. १९९९ मध्ये सन आणि आयबीएमचं २.० आलं आणि कॅप्चर, स्ट्रीमिंग, फॉरमॅट बदलणं या गोष्टीही शक्य झाल्या. पुढे परवान्याच्या कारणामुळे त्यातून एमपी३ काढून टाकलं गेलं. म्हणून 'इतर फाइल चालतात, एमपी३ नाही' ही तक्रार तुमच्या कोडमुळेच असेल असं नाही.

काम कसं चालतं?

मॅनेजर या क्लासला फाइलचा पत्ता दिला की तो योग्य प्लेअर शोधून देतो. पण हा प्लेअर लगेच तयार नसतो. आधी तो फाइल तपासतो (रिअलाइज), मग डेटा आणि साउंड कार्डसारखी साधनं ताब्यात घेतो (प्रीफेच) आणि मग सुरू होतो. ही कामं मागे वेगळ्या थ्रेडवर चालतात. रिअलाइज पूर्ण व्हायच्या आत व्हिडिओची खिडकी मागितली तर एरर येतो. वेगवान मशीनवर चाललेला कोड जुन्या मशीनवर पडतो, त्यामागे बरेचदा हीच घाई असते. उपाय सोपा आहे: कंट्रोलर लिसनर लावा आणि 'रिअलाइज झालं' असा इव्हेंट आल्यावरच पुढे जा. काम झालं की प्लेअर बंद करायला विसरू नका.

३२ की ६४ बिट?

विंडोजसाठीच्या परफॉर्मन्स पॅकमध्ये ३२ बिट नेटिव्ह लायब्ररी असतात. ६४ बिट जावा त्या लोड करू शकत नाही. कॉम्प्युटर ६४ बिट असला तरी अशा प्रोग्रामसाठी ३२ बिट जावाच टाका. निव्वळ जावामधली आवृत्ती सगळीकडे चालते, पण तिच्यात एमपीईजी-१ व्हिडिओ चालत नाही.

फक्त आवाज हवा असेल तर?

मग जेएमएफच्या भानगडीत पडू नका. जावा १.३ पासून जावा साउंड सोबतच मिळतं. डब्ल्यूएव्ही, एआयएफएफ आणि एयू फाइल त्यात चालतात. मात्र क्लिप वापरली की सगळा ऑडिओ मेमरीत चढतो. सीडी दर्जाचा आवाज सेकंदाला १,७६,४०० बाइट घेतो, म्हणजे ५ मिनिटांना साधारण ५० एमबी. ६४ एमबी रॅमच्या मशीनला हे झेपणारच नाही. तिथे सोर्स डेटा लाइन वापरून तुकड्यातुकड्याने वाजवा. क्लिप 'टिंग'सारख्या छोट्या आवाजांपुरती ठेवा.

मग निवड कशी करायची?

फक्त आवाज असेल तर जावा साउंड. जुना प्रोग्राम आणि जुन्या एव्हीआय फाइल असतील तर ३२ बिट जावासोबत जेएमएफ. एच.२६४ व्हिडिओ हवा असेल तर जेएमएफमध्ये तो नाहीच, तिथे जावाएफएक्स लागेल. कोडला हात लावण्याआधी मशीनवर कोणती जावा आहे आणि ती किती बिटची आहे, एवढं बघून घ्या. अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.