राखणदार : तीन शिळा आणि एक प्रश्न

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक; एक अमरावतीला, दुसरा अकोल्याला. 2025 साली रायगडावरील वाघ्या कुत्र्याच्या पुतळ्याचा वाद पुन्हा उफाळला, तेव्हा दोन्ही वर्गांत जवळपास एकाच आठवड्यात एकच प्रश्न आला : ‘सर, वाघ्या खरा होता का?’ ‘पुरावा नाही’ एवढे दोन शब्दांचे उत्तर आमच्यापाशी तयार होते. परंतु ते देऊन झाल्यावरही विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यांवर प्रश्न तसाच राहिला. खरे सांगायचे तर आमच्याही मनात तो राहिला. त्याची उकल करण्याचा हा एक प्रयत्न.

राखणदार कुत्र्याला शिळेवर आणण्याची परंपरा दख्खनमध्ये जुनी आहे. कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यातल्या आतकूर येथील शिलालेख शके 872 चा, म्हणजे इसवी सन 949-50 चा. राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळातील हा लेख. याच कृष्णाचा 940 सालचा ताम्रपट आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात देवळीला सापडला, म्हणून वऱ्हाडच्या वाचकाला हा राजा परका नाही. गंग राजा बूतुग याने मणलर नावाच्या वीराला ‘हवे ते माग’ असे म्हटले, तेव्हा त्याने ‘काळी’ नावाचे शिकारी कुत्रे मागितले. पुढे ते कुत्रे एका रानडुकराशी झुंजले आणि दोघेही एकमेकांच्या हातून मेले. मणलराने शिळा उभारली, तिच्यासाठी जमीन लावून दिली आणि पूजेची जबाबदारी पुजाऱ्यावर टाकली. येथे प्राण्याचे नाव, घटना आणि दान हे तिन्ही दगडावर कोरलेले आहे.

दुसरी शिळा साताऱ्याजवळच्या संगम माहुलीची. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर शाहू छत्रपतींच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवली जाते. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला, म्हणून त्याच्या नावे इनामाच्या सनदा झाल्या आणि त्याला पालखीचा मान मिळाला, अशी हकीकत ग्रँट डफने 1826 च्या आपल्या इतिहासात नोंदवली आहे. एका दरबारात शाहूंनी कुत्र्याला जरीची वस्त्रे व दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली, असेही तो लिहितो. शाहूंचे निधन 1749 चे. म्हणजे घटना आणि नोंद यांत पाऊणशे वर्षांहून अधिक अंतर आहे. दगड आहे, आठवण आहे. कोरीव अक्षर मात्र आतकूरसारखे बोलत नाही.

तिसरी शिळा रायगडची. शिवछत्रपतींचे निधन 3 एप्रिल 1680 रोजी झाले. त्यांच्या चितेत वाघ्याने उडी घेतली ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु कोणत्याही समकालीन साधनात ती आढळत नाही. ती मराठी वाचकाच्या मनात रुजवली ती राम गणेश गडकऱ्यांच्या ‘राजसंन्यास’ने, असे सामान्यतः मानले जाते. हे नाटक अपूर्णच राहिले. 23 जानेवारी 1919 रोजी विदर्भातल्याच सावनेर येथे गडकरी वारले. रायगडावर पुतळा उभा राहिला तो 1936 साली, होळकरांच्या देणगीच्या साहाय्याने. टोकियोत हाचिको कुत्र्याचा पुतळा 1934 मध्ये बसला होता, आणि एडिंबरोत बॉबीचा 1873 मध्ये. हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. इमानाला प्राण्याच्या रूपात पाहण्याची ओढ आपल्यापुरती मर्यादित नव्हती.

पुढचा इतिहास ताजा आहे. ऑगस्ट 2011 मध्ये पुतळा काढला गेला आणि लगेच पुन्हा बसवला गेला. जानेवारी 2017 मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातून गडकऱ्यांचाच पुतळा हटवला गेला. कारण तेच नाटक. 2025 मध्ये पुतळा हटवण्याची मागणी झाली, आणि धनगर समाजातून तिला विरोध झाला. मेंढपाळाच्या कळपामागे चालणारा कुत्रा ज्यांच्या घरचा घटक आहे, त्यांना वाघ्या हा केवळ नाटकातला प्रसंग वाटत नाही. हा विरोध पुरावा ठरत नाही. पण तो अडाणीपणाही नव्हे.

येथे साहित्याच्या अध्यापकाची कसोटी लागते. वाघ्याला इतिहास म्हणून शिकवणे हे इतिहासाशी बेइमानी ठरेल. पण ‘खोटे’ म्हणून झटकून टाकणे ही साहित्याशी बेइमानी होय. ‘मिठाला जागणे’ हे मूल्य जपणाऱ्या समाजाने ते माणसांत पुरेसे न दिसल्याने कुत्र्यात शोधले, असे आम्हांला वाटते. त्याच समाजाच्या तोंडी ‘कुत्रा’ ही शिवी आहे, हाही विरोधाभास ध्यानात घ्यावा लागतो.

आमच्या रिद्धपूरला आकारलेल्या ‘लीळाचरित्रा’त कुत्रा वेगळ्याच बाजूने येतो. पारध्यांची कुत्री सशाच्या मागे लागतात आणि ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली आश्रय घेतो. राखण तेथे माणूस करतो. कुत्रे माणसाने शिकवलेले काम करीत असते. प्राण्याच्या क्रौर्याचे वा इमानाचे श्रेय-अपश्रेय अखेर धन्याकडे जाते, हे तेराव्या शतकातील मराठी गद्य जाणून होते.

म्हणून चौथ्या, बिनशिळेच्या राखणदाराविषयी बोलणे आवश्यक आहे. तुरीच्या शेतात रोही आणि रानडुकरे येऊ नयेत म्हणून रात्रभर भुंकणाऱ्या वऱ्हाडातल्या मोत्या-वाघ्यांना शिळ्या भाकरीपलीकडे इनाम नाही. दुसरीकडे अमरावती-अकोल्याच्या नव्या वसाहतींत ‘कुत्र्यापासून सावध राहा’ या पाटीमागे रॉटवायलर किंवा जर्मन शेफर्ड साखळीला असतो. पारा पंचेचाळिशीच्या वर जाणाऱ्या मे महिन्यात गच्चीच्या पत्र्याखाली तो धापा टाकतो. फिरवणे नाही, शिकवणे नाही, सावली नाही. आणि चावला की जात वाईट. मार्च 2024 मध्ये केंद्राने रॉटवायलरसह 23 जातींवर बंदी घालण्याचे परिपत्रक काढले. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. दोष जातीचा की धन्याचा, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. चक्रधरांच्या मांडीखाली तो केव्हाच निकाली निघाला होता.

आता वर्गात तो प्रश्न आला की आम्ही तिन्ही शिळा फळ्यावर मांडतो : एकीवर अक्षर, दुसरीवर आठवण, तिसरीवर नाटक. विद्यार्थ्यांनी त्यांतला फरक ओळखावा, एवढीच अपेक्षा. आणि घरी परतताना साखळीला बांधलेल्या राखणदारासमोर पाण्याचे भांडे भरलेले आहे का, हे पाहावे. मेलेल्या कुत्र्याच्या समाधीवरून भांडणाऱ्या समाजाला जिवंत कुत्र्याचे तेवढे देणे लागते.