विजेरीचे मँगनीज : चिखला–डोंगरी बुजुर्ग

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील मँगनीज खाणी. चिखल्याची भूमिगत, डोंगरी बुजुर्गची उघडी. दोन्ही ‘मॉयल’ या नागपूरस्थित सरकारी कंपनीच्या. कंपनीची मुळे १८९६ च्या ब्रिटिश सिंडिकेटपर्यंत जातात. १९६२ मध्ये ती सरकारी भागीदारीत आली, १९७७ मध्ये पूर्ण सरकारी झाली.

येथील बहुतेक खनिज पोलादाच्या कामी येते. विजेरीला मँगनीज डायऑक्साइड लागते, आणि ते देणारी खाण म्हणून डोंगरी बुजुर्गचे नाव आहे. तेथेच विद्युत अपघटनाने शुद्ध मँगनीज डायऑक्साइड (ईएमडी) करण्याचा कारखाना आहे. ईएमडीची रूढ कृती अशी : खनिज भाजून त्याचे क्षपण करतात, गंधकाम्लात विरघळवतात, लोह व इतर धातू काढून टाकतात. मग नव्वद अंशांवर तापलेल्या द्रावणातून वीज सोडली की धनाग्रावर काळा, कठीण थर चढतो. तो खरवडून, दळून, धुऊन घेतात.

टॉर्चच्या सेलमध्ये या भुकटीत मुरलेले पाणी उपयोगी पडते. लिथियमजवळ तेच घातक. म्हणून मोटारीच्या किल्लीतल्या ३ व्होल्टच्या चपट्या सेलसाठी ईएमडी साधारण ३५०–४०० अंशांना तापवून कोरडी करतात.

पुन्हा चार्ज होणाऱ्या लिथियम-पॉलिमर विजेरीत मात्र खरी अडचण लिथियम धातू आणि पॉलिमर जेथे टेकतात तेथे आहे. चार्ज होताना लिथियम सर्वत्र सारखे बसत नाही. त्याच्या सुया वाढून मधला पडदा भेदतात व सेल शॉर्ट होतो. सीमेवर आपोआप तयार होणारा थर पातळ, एकसंध आणि आयनांना वाट देणारा असला तरच विजेरी टिकते. त्यासाठी पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींत बांधतात, त्यात सिरॅमिक भुकटी मिसळतात किंवा थरात लिथियम फ्लोराइड वाढेल असे क्षार निवडतात.

मँगनीजचा संबंध अशाच थराशी पुन्हा येतो. द्रव अपघटनीच्या सेलमध्ये लिथियम-मँगनीज ऑक्साइडमधून विरघळलेले मँगनीज ऋण बाजूला पोचून तिथला थर नासवते. ऑक्साइडच्या कणांवर ॲल्युमिनाचा पातळ लेप दिला की हे पुष्कळ कमी होते.

भारताला लिथियम आयात करावे लागते, मँगनीज मात्र तुमसरच्या जमिनीत आहे. म्हणून विजेरी-संशोधनाच्या निधीतला ठळक वाटा मँगनीजच्या शुद्धीकरणावर आणि या लेपावर खर्च व्हायला हवा.