कवळाणे ते सिडनी : दत्तकाची बदललेली वाट

मंडळी, 'दत्तक' म्हटलं की आमच्या पिढीच्या डोळ्यांपुढे आधी गादी येते, मग वारस, आणि मूल सगळ्यात शेवटी. शाळेत इतिहास शिकलो तोही तसाच. डलहौसीने दत्तक नामंजूर केले, १८४८ साली सातारा गेलं, १८५४ साली झाशी गेली. पण झाशीच्या मांडीवर दिलेला तो लहानगा, त्याला काय वाटलं असेल, हे कोणत्याही प्रश्नपत्रिकेत कधी विचारलं गेलं नाही.

आपल्या नाशिक जिल्ह्याचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. आमच्या वणीहून पूर्वेला मालेगावकडे गेलं की कवळाणे लागतं. तिथल्या शेतकरी गायकवाड घराण्यातला बारा वर्षांचा गोपाळराव २७ मे १८७५ रोजी बडोद्याच्या जमनाबाईसाहेबांना दत्तक गेला आणि सयाजीराव महाराज झाला. तोवर त्याला अक्षरओळखही नव्हती. पुढे त्याच राजाने सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं. शिक्षकाला याचा अभिमान वाटणारच! पण बघा, निवड झाली ती गादीला राजा हवा म्हणून. पोराला घर हवं होतं असं काही नव्हतं, घर त्याला होतंच.

गंमत म्हणजे त्याच १८७५ साली पंढरपुरात अगदी उलट्या टोकाचं काम सुरू झालं. तिथले न्यायाधीश लालशंकर उमियाशंकर यांनी टाकून दिलेल्या अर्भकांसाठी बालकाश्रम काढला. त्याआधी १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं होतं. तिथे आलेल्या एका विधवेचा मुलगा, यशवंत, त्यांनी स्वतःचा म्हणून वाढवला. इथे ना गादी होती ना इस्टेट. मूल होतं, आणि त्याला आईबाप हवे होते. माझ्या मते आपल्याकडच्या आधुनिक दत्तकाची सुरुवात ही अशी झाली.

कायदा मात्र सावकाश चालला. जुन्या हिंदू कायद्यात दत्तक म्हणजे मुलगाच, कारण पिंड द्यायला तो हवा. १९५६ च्या कायद्याने मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. परदेशी जोडप्यांसाठी तर दत्तकाचा कायदाच नव्हता. त्यांना १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली कोर्टातून नुसतं 'पालक' म्हणून नेमून घ्यावं लागे, मूल देशाबाहेर न्यायची परवानगी घ्यावी लागे, आणि खरं दत्तविधान आपल्या देशात जाऊन करावं लागे. म्हणजे विमानात बसताना मांडीवर लेकरू असे, पण कागदोपत्री ते अजून त्यांचं झालेलं नसे. कित्येक मुलं तर आईबापांनी येऊन नेलीच नाहीत, कुणा तिसऱ्याच माणसाच्या सोबतीने ती विमानातून पाठवली गेली.

त्याच काळातली एक गोष्ट क्रिकेटवाल्यांना ठाऊक असेल. १३ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्यात जन्मलेली एक मुलगी ससूनच्या 'श्रीवत्स' मध्ये होती. हरेन स्थळेकर मूळचे मुंबईचे, पत्नी स्यू इंग्लिश, घर अमेरिकेत. जोडपं मुलगा दत्तक घ्यायचा म्हणून आलं होतं आणि या मुलीला घेऊन परतलं. अमेरिका, केनिया आणि शेवटी सिडनी असा त्या घराचा प्रवास झाला. वडिलांनी तिच्या हाती बॅट दिली. हीच लिसा स्थळेकर, ऑस्ट्रेलियाची कर्णधार, एकदिवसीय सामन्यांत हजार धावा आणि शंभर बळी घेणारी पहिली महिला. २०१३ चा विश्वचषक जिंकून तिने खेळाचा निरोप घेतला. तो अंतिम सामना झाला कुठे? मुंबईत, तिच्या बाबांच्या गावी!

पण प्रत्येक मुलाला असे आईबाप मिळतीलच याची हमी कोण देणार? परदेशी नेलेल्या मुलांचे हाल होतात, पैशांचे व्यवहार होतात, असं पत्र लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला लिहिलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्या. भगवती यांनी निकाल दिला. आधी देशातच घर शोधा, मूल देणाऱ्या आईला विचार बदलायला वेळ द्या, परदेशी घराची नीट चौकशी करा, असे नियम आखून दिले. त्यातून १९९० मध्ये 'कारा' ही केंद्रीय संस्था आली आणि २००३ मध्ये भारताने हेग करार मान्य केला.

तरी गैरप्रकार पुरते थांबले नाहीत. पुण्यातल्याच एका संस्थेच्या कारभाराची २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआय चौकशी झाली. म्हणून "इतकी कागदपत्रं कशाला?" असं कुणी वैतागून विचारलं, की मला हा सगळा इतिहास आठवतो. आज २०१५ च्या कायद्याप्रमाणे मूल सोपवणाऱ्या आईला साठ दिवस फेरविचाराला मिळतात. २०२२ पासून दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात. पासपोर्ट आणि व्हिसा झाला की आईबापांनी स्वतः येऊन मूल न्यायचं असतं, आणि घरी गेल्यावरही दोन वर्षं त्याच्या खुशालीचे अहवाल पाठवायचे असतात. परदेशातल्या आपल्या भारतीय नागरिकांना आता इथल्या जोडप्यांच्याच रांगेत जागा आहे, हेही नातेवाइकांनी लक्षात ठेवावं.

त्या परतीच्या विमानातल्या आईबापांचा विचार मी पुष्कळदा करतो. वर्षानुवर्षांची वाट संपलेली असते. ते घरी निघालेले असतात, आणि मांडीवरचं लेकरू मात्र त्याला ठाऊक असलेल्या एकमेव घरापासून दूर चाललेलं असतं. आया-मावशींचा आवाज, वरणभाताचा वास, कानावरची मराठी, सगळं मागे राहतं. रात्रभर ते रडलं तर त्यात आईबापांचं काही चुकलेलं नसतं. त्यांचा आनंद खरा, आणि मुलाचा वियोगही खरा.

आणि मागे राहते ती जन्मदाती. सप्तशृंगीला मूल व्हावं म्हणून ओटी भरणाऱ्या बायका आम्ही जन्मभर बघत आलो. मूल सोपवून जाणारी कोणता नवस बोलत असेल? आपल्याकडे यशोदेचं कौतुक करताना देवकीला कुणी विसरलं नाही. कृष्ण दोघींचा राहिला. कर्ण शेवटपर्यंत अभिमानाने राधेय म्हणवून घेत राहिला, पण आपण कुणाचे हे त्याला फार उशिरा कळलं, आणि त्याचं दुःख नेमकं तिथेच आहे.

म्हणून मूल घरी नेणाऱ्यांना या म्हाताऱ्या मास्तराचं एवढंच सांगणं. त्याच्या कागदांची फाईल जपून ठेवा, जन्मगावाचं नाव त्याला लहानपणापासून ऐकवा, आणि विचारेल तेव्हा खरं सांगा. गोपाळरावाला आपलं गाव कवळाणे हे ठाऊक होतं. प्रत्येक लेकराला तेवढं तरी ठाऊक असावं.