पामोलीन नंदुरबारला पोहोचते, जंगल कुठे तुटते?

2022 च्या दिवाळीत राज्य सरकारने रेशनवर 100 रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला. रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल. योजना राज्यभर होती, म्हणजे नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यातही. जिथे आदिवासी कुटुंबांत मोहाच्या बियांचे तेल खाण्याची जुनी रीत आहे. मोहाची फळे वेचायची, बिया वाळवून गाळायच्या. झाड उभेच राहते.

पामतेलाचे तसे नाही. जगातले 80 टक्क्यांहून अधिक पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियात होते आणि तिथले बरेच मळे वर्षावने तोडून उभे राहिले आहेत. ओरांगउटानचा अधिवास गेला तो असाच. त्याहून मोठे नुकसान मात्र दिसत नाही. तिथल्या दलदलीत अर्धवट कुजलेला पालापाचोळा हजारो वर्षे साचलेला असतो. त्याला पीट म्हणतात. पाण्याखाली असेपर्यंत तो कार्बन धरून ठेवतो. लागवडीसाठी चर खणून पाणी काढले की तो वाळतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. पेटला तर जमिनीखाली आठवडेच्या आठवडे धुमसतो. 2015 मध्ये इंडोनेशियात पीट, जंगल आणि मळे मिळून सुमारे 26 लाख हेक्टर जळाले. नंदुरबार जिल्ह्याच्या चौपटीहून जास्त. सगळ्या आगी पामसाठीच लावलेल्या नव्हत्या, हेही खरे.

तरी पामला सरसकट खलनायक ठरवणे सोपे नाही. हेक्टरी तेल सोयाबीनच्या कितीतरी पट मिळते, म्हणून ते स्वस्त. आयात घटवण्यासाठी केंद्राने 2021 मध्ये 11,040 कोटींचे पामतेल अभियान मंजूर केले. त्याचा भर ईशान्य भारत आणि अंदमानवर आहे, आणि दोन्ही वर्षावनांचेच प्रदेश आहेत.