आकाशात वाट कोणी कोणाला द्यावी?

मंडळी, ब्राह्मणपुरीच्या शिवारात भर उन्हात वर पाहिले, तर एखादी घार घिरट्या घालताना दिसते. पंख न हलवता ती वर वर चढत जाते. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन उठते आणि घारीला उचलून नेते. ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचे विमान, हीच युक्ती वापरते.

पुण्याजवळ हडपसरला सरकारी ग्लायडिंग केंद्र आहे. तेथे विंचच्या दोराने ओढून ग्लायडर हवेत चढवीत. पण जवळच लोहगाव. तेथे हवाई दलाचा तळ, आणि प्रवासी विमानेही तेथेच उतरतात. म्हणून हडपसरची उड्डाणे लोहगावच्या नियंत्रण कक्षाशी जुळवून करावी लागत. एका आभाळात एक घारीच्या चालीने फिरणारा आणि दुसरा बाणासारखा सुटणारा. ह्यांची टक्कर टळावी कशी? ह्या प्रश्नाचा इतिहास आज पाहू.

पहिला उपाय नियमाचा. इंजिनाच्या विमानाने ग्लायडरला वाट द्यावी आणि ग्लायडरने बलूनला, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ज्याच्या हाती शक्ती अधिक, त्याने बाजूला व्हावे. नियम न्यायाचा खरा, पण वाट द्यायची तर समोरचा दिसला पाहिजे ना! ग्लायडर समोरून पाहिले तर पातळ रेघेसारखे. शिवाय आणखी एक अडचण, गुरुजींनी मुलांना जरूर सांगावी अशी. दोन विमाने सरळ वेगाने एकमेकांवर येत असली, तर वैमानिकाला दुसरे विमान काचेत एकाच जागी स्थिर दिसते. जे सरकत नाही, तेच धडकणार असते; आणि न हलणारी वस्तू डोळ्याला चटकन जाणवत नाही.

नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवण्याची किंमत जगाने मोजली आहे. ३० जून १९५६ रोजी अमेरिकेत ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमाने आदळून १२८ माणसे गेली. तेव्हापासून टक्कर टाळणाऱ्या यंत्राचा शोध नेटाने सुरू झाला. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीवर सौदी आणि कझाक विमानांची टक्कर झाली. दोन्ही विमानांतील मिळून ३४९ माणसे होती. एकही वाचला नाही. त्यानंतर आपल्या देशात मोठ्या विमानांना ‘टीकॅस’ हे यंत्र सक्तीचे झाले.

हे यंत्र करते काय? ते आजूबाजूला रेडिओने हाक मारते, ‘कोण आहे?’ दुसऱ्या विमानातील ट्रान्सपॉन्डर ओ देतो. त्या उत्तरावरून अंतर आणि उंची कळते. मग एका वैमानिकाला ‘वर जा’, तर दुसऱ्याला ‘खाली जा’ असा इशारा मिळतो. पण जो ओ देत नाही, तो ह्या यंत्राच्या लेखी आकाशात नसतोच!

ग्लायडरचे दुखणे नेमके इथे आहे. इंजिन नाही, म्हणून वीज करणारे जनित्र नाही; सारा कारभार छोट्या बॅटरीवर. २८ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेत नेवाडा राज्यात मिंडेनजवळ एक जेट विमान ग्लायडरवर आदळले. ग्लायडरमध्ये ट्रान्सपॉन्डर होता, पण बॅटरी पुरावी म्हणून तो बंद ठेवला होता. सुदैवाने ग्लायडरचा वैमानिक पॅराशूटने उतरला, जेटही कसेबसे जमिनीला लागले आणि सगळे वाचले. यंत्र होते, पण मुके होते.

त्याआधीच, २००४ साली, स्वित्झर्लंडमधील ग्लायडर उडवणाऱ्यांनी आपल्यापुरती तोड काढली होती. तिचे नाव ‘फ्लार्म’. थोड्या विजेवर चालणारी ही लहानशी पेटी उपग्रहांवरून आपली जागा ओळखते, पुढल्या काही सेकंदांत आपण कुठे असू ते मांडते आणि शेजाऱ्यांना कळवते. एकाच गरम झोतात चार-पाच ग्लायडर गोल फिरत असतात. तेथे साधे यंत्र सारखे ओरडत बसेल. फ्लार्म त्या वळणांचाही हिशेब धरते. मात्र तिची बोली फक्त तिच्याच जातीच्या यंत्राला कळते. मोठ्या विमानातील टीकॅसला ती ऐकू येत नाही. म्हणजे दोघेही बोलताहेत, पण भाषा वेगळ्या.

मंडळी, ह्या इतिहासातून उमजते ते असे. दुबळ्याला वाट द्या, एवढे नियमात लिहून भागत नाही; दुबळा दिसला पाहिजे, आणि दिसण्याचे साधन त्याला परवडले पाहिजे. ऊसतोडीच्या दिवसांत शहाद्याच्या रस्त्याने रात्री बैलगाड्या, ट्रॉल्या आणि ट्रक एकाच वाटेने जातात. ट्रकवाल्याने सांभाळून हाकावे हे खरेच. पण गाडीच्या पाठीमागे लाल चकाकती पट्टी आहे ना, हे निघण्याआधी एकदा वळून पाहा. नसेल, तर आज रात्रीच्या खेपेआधी लावून घ्या.