रेगाटा
रेगाटा : नौकांच्या अनेक शर्यतींचा मेळावा. या शर्यती वल्ह्यांच्या किंवा शिडांच्या नौकांच्या असतात. एकट्या शर्यतीला सहसा हे नाव लागत नाही. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांची १८२९ सालापासूनची प्रसिद्ध लढत म्हणूनच ‘बोट रेस’ राहिली. पहिल्यांदा ती टेम्सकाठच्या हेन्ली गावी झाली; त्याच गावात १८३९ साली सुरू झालेला शर्यतींचा सोहळा मात्र रेगाटा म्हणून ओळखला जातो.

शब्द व्हेनिसच्या बोलीतला, मूळ रूप ‘रेगाता’. त्याच्या व्युत्पत्तीवर एकमत नाही. नौका सुरुवातीला ज्या रांगेत उभ्या राहतात त्या ‘रिगा’पासून तो आला, असे काहींचे म्हणणे, काहींनी लॅटिनमधील रथ हाकणाऱ्या ‘ऑरिगा’शी नाते जोडले. अधिक पटणारा दुवा म्हणजे ‘रेगातार’, चढाओढ करणे, हे क्रियापद. त्याचेही मूळ घासाघीस करून माल घेण्या-विकण्याच्या शब्दात असावे, असा तर्क आहे. व्यापारावर जगलेल्या शहराला ही व्युत्पत्ती शोभते खरी, पण शोभणे म्हणजे पुरावा नव्हे.

व्हेनिसमधील अशा शर्यतींचे उल्लेख तेराव्या शतकापासून मिळतात. जाकोपो दे बार्बारी याच्या १५०० सालच्या नगरचित्रात काही नौकांजवळ ‘रेगाता’ असे लिहिलेलेच आहे. १४९३ साली उमराव घराण्यातील पाहुणी बेआत्रिचे देस्ते हिच्या स्वागतासाठी झालेल्या शर्यतीत स्त्रियांनी वल्ही मारली. आजची ‘रेगाता स्तोरिका’ सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी ग्रँड कॅनालवर होते. तिथले वल्हेकरी उभ्याने, पुढे तोंड करून वल्हवतात. हेन्लीचे बसून, पाठ पुढे करून. व्हेनिसमध्ये विजेत्यांना रंगीत निशाणे मिळतात, आणि एके काळी चौथ्या क्रमांकाला निशाणासोबत डुकराचे जिवंत पिल्लूही मिळे.

इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात आला तो व्हेनिसच्या वर्णनांतून. १७७५ सालच्या जूनमध्ये टेम्सवर त्याच धर्तीचा सोहळा झाला आणि शब्द तिथे रुळला. स्पेलिंगमध्ये एक ‘टी’ वाढला, आणि पुढे शिडांच्या शर्यतीही या नावाखाली आल्या.

मुंबईत हा शब्द मुख्यतः शिडांच्या नौकांशी जोडलेला आहे; येथील रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ सालचा. मराठीत एकट्या शर्यतीला ‘नौकाशर्यत’ पुरते. अनेक शर्यतींचा मेळावा असेल तेव्हाच ‘रेगाटा’ वापरावा.